संगणक घरचा की भाड्याचा?

दिवाळीची झाडलोट निघाली की माळ्यावरची अडगळ खाली उतरते. तळ गेलेली परात, कान तुटलेली बरणी, वात न चढणारा स्टोव्ह, आणि अलीकडे याच मंडळींच्या पंगतीत येऊन बसलेला जुना संगणक! परातीचे एक ठीक आहे. तिचा तळ खरोखरीच गेलेला असतो. संगणकाचे तसे नसते. त्याचा पडदा उजळतो, कळा चालतात, पंखा फिरतो. तरीही "आता तो जुना झाला" असे म्हणून घरातली मंडळी नवा आणण्याच्या गोष्टी बोलू लागतात. जुना झाला म्हणजे नक्की काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळी आठवड्यावर आली असताना, मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या आपल्या प्रणालीची नेहमीची डागडुजी थांबवली. ज्यांनी नोंदणी केली त्यांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, एवढेच. पुढची 'विंडोज ११' घ्यावी, तर तिला संगणकात एक विशिष्ट सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच लागतो. परिणामी जगभरातली असंख्य धडधाकट यंत्रे एका तारखेला म्हातारी ठरली. यंत्र झिजले नव्हते. मुदत संपली होती, आणि ती मुदत घरातल्या कोणी ठरविलेली नव्हती.

या लेखात सांगायचे आहे ते एका निराळ्या वाटेविषयी. 'लिनक्स' हे नाव वाचकांच्या कानांवरून गेले असेल. "ते इंजिनिअर मुलांचे काम" असे म्हणून आपण सहसा पुढे जातो. मी इंजिनिअर नाही. महाविद्यालयात मराठी शिकविते. आमच्या घरचा संगणक मात्र २०१४ सालापासून लिनक्सवर चालतो. दहा वर्षांहून अधिक काळ एका घरात नांदले की कोणती पायरी करकरते आणि कोणत्या खिडकीतून वारा येतो हे कळू लागते. तेवढ्याच अधिकाराने हे लिहीत आहे.

मोफत आणि मुक्त

संगणक चालू केल्यापासून बंद करेपर्यंत त्याचा सारा व्यवहार पाहणारा जो कारभारी, त्याला कार्यप्रणाली म्हणतात. कळ दाबली की अक्षर उमटणे, फाइल जपून ठेवणे, छापण्याचा हुकूम प्रिंटरकडे पोहोचविणे, ही सारी त्याची कामे. बहुतेक कारभारी कंपन्यांचे असतात. ते आपल्याला वापरायला मिळतात. परंतु त्यांच्या वहीत डोकावण्याची सोय नसते. ती वही म्हणजे मूळ आज्ञावली. ती बंद कपाटात राहते.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञाने जाहीर केले की, आपण एक अशी प्रणाली रचणार आहोत की जिची वही सर्वांना खुली असेल. 'ग्नू' असे त्या प्रकल्पाचे नाव. पुढे १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कळविले की, आपण छंद म्हणून एक लहानशी प्रणाली लिहीत आहोत, ती काही फार मोठी व्हायची नाही! तिच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. १९९२ मध्ये त्याने ती ग्नूच्या खुल्या परवान्याखाली आणली, आणि या दोहोंच्या मिलाफातून आज आपण जिला लिनक्स म्हणतो ती प्रणाली घडली. आज त्या गाभ्यात चार कोटींच्या आसपास ओळी आहेत. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे संगणकांच्या यादीत लिनक्सखेरीज दुसरी प्रणाली उरली नाही. २०२१ साली मंगळावर उडालेल्या लहानग्या हेलिकॉप्टरात हीच प्रणाली होती, आणि ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे त्यांच्या खिशातही हाच गाभा आहे.

ही मोफत मिळते, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. परंतु 'मोफत' आणि 'मुक्त' हे शब्द आपल्या भाषेत वेगळे आहेत, ही केवढी सोय! इंग्रजीत दोहोंना मिळून एकच शब्द असल्याने बिचाऱ्या स्टॉलमनना आयुष्यभर खुलासे करावे लागले. मोफत म्हणजे पैसे न पडणारे. मुक्त म्हणजे कोणत्याही कामाला वापरता येणारे, आत कसे चालते ते पाहून बदलता येणारे, दुसऱ्याला प्रत देता येणारे, आणि सुधारलेली प्रतही वाटता येणारे. या चार मोकळिका ज्यात आहेत ते मुक्त.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. जात्यावरची ओवी कोणाच्या मालकीची होती? सासरी गेलेल्या मुलीने ती बरोबर नेली, चार शब्द बदलले, एक कडवे जोडले, पुढच्या पिढीला दिली. मग अशाने सारा गोंधळ होत नाही काय? होऊ शकतो; म्हणून तर नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती जमवून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि त्यात कोणी पदरच्या ओव्या घालू नयेत असे बजावले. लिनक्सच्या जगातही हाच शिरस्ता आहे. प्रत कोणीही न्यावी, आपल्या घरी हवी तशी बदलावी. परंतु मूळ ग्रंथात भर घालायची तर ती आधी जाणत्यांच्या नजरेखालून जाते. मुक्त म्हणजे बेबंद नव्हे.

आमच्या घरातला अनुभव

लिनक्स एकाच रूपात येत नाही. एकाच पिठाच्या भाकरी, थालीपीठ आणि धपाटे व्हावेत, तशी तिची अनेक रूपे आहेत. १९९३ सालचे 'डेबियन', त्यावर बेतलेले २००४ सालचे 'उबुंटू', आणि त्यावर उभे असलेले २००६ सालचे 'लिनक्स मिंट'. आम्ही मिंट घेतले. कारण त्याची मांडणी आधीच्या सवयीला जवळची. खाली पट्टी, कोपऱ्यात कळ, त्या कळीतून साऱ्या वस्तूंची यादी.

आमचे यंत्र २०११ साली घेतलेले. २०१४ मध्ये त्यावर मिंटची सतरावी आवृत्ती चढविली. मिंटची मुख्य आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते आणि प्रत्येकीची डागडुजी पाच वर्षे होते. प्रत्येक आवृत्तीला एका मुलीचे नाव असते आणि ते रोमन वर्णमालेच्या क्रमाने पुढे सरकते. २०१८ सालची एकोणिसावी 'तारा' निघाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्यातलीच दिसते!" त्यांच्या धाकट्या बहिणीचे नाव तारा. आता बाविसावी 'विल्मा' नांदते आहे. या काळात यंत्रात दोन बदल केले: स्मृती चार जीबीची आठ केली, आणि फिरत्या तबकडीच्या जागी चिपची डिस्क बसविली. बाकी डबा तोच.

कोण काय करते म्हणाल, तर मी माझी व्याख्याने, प्रश्नपत्रिका आणि लेख 'लिब्रेऑफिस'मध्ये लिहिते. यजमान बँकेत आहेत. घरखर्चाचा ताळेबंद ते त्यातल्याच तक्त्यात ठेवतात. चिरंजीव दहावीत आहेत. त्यांचा अभ्यास, आणि अभ्यासाच्या नावाखाली चालणारे बरेच काही, त्यावरच होते. सासूबाईंना कीर्तने ऐकायची असतात आणि अमेरिकेतल्या नातवाचे फोटो पाहायचे असतात. त्यांना मी कधी प्रणालीचे नाव सांगितले नाही, त्यांनी विचारले नाही. "ते कोल्ह्याचे चित्र दाबायचे" एवढ्या ज्ञानावर त्यांचे आठ वर्षे सुरळीत चालले आहे. त्यांना कौतुक एकाच गोष्टीचे: "मध्येच हे थांबून 'थांबा, थांबा' म्हणत नाही." डागडुजी उपलब्ध झाली की कोपऱ्यात एक खूण दिसते, ती केव्हा करायची ते आम्ही ठरवितो. करण्यापूर्वी यंत्राची आहे त्या स्थितीची नोंद ठेवणारे एक साधन त्यात आहे. काही बिनसले तर कालच्या स्थितीवर परत जाता येते. संसारात अशी सोय असती तर!

करकरणाऱ्या पायऱ्या

आता दुसरी बाजू. ती न सांगणे म्हणजे स्थळ दाखविताना मुलाचा चष्मा लपविण्यासारखे होईल.

पहिली अडचण जोडयंत्रांची. जुना प्रिंटर तत्काळ चालू झाला. पुढे घेतलेल्या एका प्रिंटरने छापायचे काम केले, पण त्यातला स्कॅनर काही केल्या बोलेना. त्याचा उत्पादक लिनक्ससाठी काही देत नाही, असे दुकानदाराने शांतपणे सांगितले. तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला: यंत्र घेण्याआधी ते लिनक्सशी बोलते का याची चौकशी करायची, मग भाव विचारायचा. दुसरी अडचण कचेऱ्यांची. काही सरकारी आणि शैक्षणिक कामांना एकाच कंपनीच्या प्रणालीवर चालणारे साधन लागते. तसल्या वेळी महाविद्यालयातला संगणक गाठावा लागतो. तिसरी अडचण खेळांची. परिस्थिती पुष्कळ सुधारली असली तरी मित्रांचे काही खेळ आपल्याकडे चालत नाहीत ही चिरंजीवांची तक्रार खरी आहे. हिशेबाचे किंवा चित्रकामाचे एखादे ठरावीक साधनच ज्यांच्या पोटापाण्याचे आहे, त्यांनी ते चालते की नाही हे पाहिल्यावाचून या वाटेला जाऊ नये.

मोठ्या संस्थांनाही ठेचा लागल्या आहेत. जर्मनीतील म्युनिक शहराच्या नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचे ठरविले, दहा वर्षे खपून हजारो यंत्रे बदलली, आणि २०१७ मध्ये परत फिरण्याचा ठराव केला. २०२० मध्ये नव्या सत्ताधाऱ्यांनी पुन्हा मुक्त प्रणालीची बाजू घेतली. उलट फ्रान्सच्या 'जांदार्मरी' या पोलीसदलाने २००८ पासून हळूहळू हजारो यंत्रे उबुंटूवर नेली ती टिकली. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आली आहेत. तात्पर्य, प्रणाली बदलणे हे नुसते यंत्राचे काम नाही. माणसांच्या सवयीचे आणि कचेरीतल्या राजकारणाचेही आहे.

अक्षरांची गोष्ट

परंतु मराठीच्या प्राध्यापिकेने या भानगडीत पडावे, याला खरे कारण वेगळे आहे. ते आहे आपली अक्षरे.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी, आता ते हयात नाहीत, कोकणातल्या मासेमारीच्या बोलीतले शब्द जमवीत असत. जाळ्यांची नावे, वाऱ्यांची नावे, भरतीओहोटीच्या वेळांची नावे. तीन हजारांवर शब्द त्यांनी १९९० नंतरच्या दशकात संगणकावर टंकलिखित केले. त्या काळी मराठीसाठी जो तो विक्रेता आपापली अक्षरजुळणी विके. ती चालायला यंत्रामागे एक लहानशी 'किल्ली' खोचावी लागे. सर गेले, किल्ली हरवली, विकणाऱ्याचे दुकानही उरले नाही. बाईंनी मोठ्या आशेने त्यांची तबकडी माझ्याकडे दिली. उघडून पाहते तो काय, पानेच्या पाने रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच! त्या जुन्या पद्धतीत यंत्राच्या लेखी मराठी अक्षर नव्हतेच. रोमन अक्षरांना मराठीचा मुखवटा चढविलेला असे. मुखवटा गेला, की मागे उरे तो हा कचरा.

सुदैवाने त्यातली वीस पाने सरांनी छापून ठेवली होती. आमच्याच महाविद्यालयातल्या संगणक विभागाच्या एका विद्यार्थिनीने ती पाने आणि ती चिन्हे शेजारी ठेवून कोणत्या चिन्हामागे कोणते अक्षर आहे याचा तक्ता मांडला आणि लिनक्सबरोबर आपोआप येणाऱ्या 'पायथॉन' या भाषेत साठ-सत्तर ओळींची आज्ञावली लिहिली. गंमत ऱ्हस्व वेलांटीने केली. जुन्या पद्धतीत ती दिसते तशी, अक्षराच्या आधी लिहिलेली असे. युनिकोड या आजच्या जागतिक पद्धतीत ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलटे. या दोघांना जागेवर बसविण्यात तिचे तीन आठवडे गेले. एके दिवशी दुपारी पडद्यावर सरांचे शब्द ओळीने उभे राहिले. बाई वाचत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "हा शब्द त्यांच्या आईचा."

विक्रेत्याचे दुकान बंद झाले हा त्याचा दोष नव्हे. दुकाने बंद होतातच. दोष त्या व्यवस्थेचा, की ज्यात दुकानाबरोबर शब्दही बंद होतात. लिब्रेऑफिसची फाइल ज्या रचनेत साठते, ती रचना २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध आहे. उद्या लिब्रेऑफिस राहिले नाही, तरी ती वाचणारे साधन कोणालाही लिहिता येईल.

पडद्यावर मराठी नीट उमटते यामागेही अशाच मुक्त कामाचा हात आहे. 'दुसऱ्या'तला तो पापणीसारखा र, जोडाक्षरे, काने-मात्रे यांची जुळणी करणारे 'हार्फबझ' नावाचे एक मुक्त साधन आहे. नाव फारसी, 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाझ' म्हणजे खुले. आपल्या मराठीतला 'हरफ' तोच! लिनक्स, अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम, सर्वांत तेच राबते. रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये 'लोहित' नावाचे टंक मुक्त केले आणि तिच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षे त्यांची निगा राखली. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीहून वेगळी असतात, हे कोणीतरी कळविले, कोणीतरी पटवून दिले, तेव्हा कुठे काही टंकांत ती उतरली. हे करणारे बहुधा तुमच्या-आमच्यासारखे नोकरदार. रात्री जेवणे उरकल्यावर बसणारे.

सहकारी घराची जबाबदारी

मला हे सारे सहकारी गृहनिर्माण संस्थेसारखे वाटते. भाड्याच्या खोलीत सुख असते: नळ बिघडला की मालकाला बोलवावे. परंतु कुलूप मालकाचे, आणि खोली सोडायची तारीखही त्याची. सोसायटीत घर आपले. मात्र पाण्याची टाकी केव्हा धुवायची, गळती कोणी पाहायची, याच्या सभेला जावे लागते. सभेला कोणी गेले नाही, की सारा भार एकट्या चिटणिसावर पडतो.

असे खरोखर घडले. फाइली आवळून लहान करणारे 'एक्सझेड' नावाचे एक साधन लिनक्सच्या जवळजवळ सर्व रूपांत असते. त्याची निगा वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकच गृहस्थ फुकट राखीत होते, आणि ते थकले होते. एका अनोळखी नावाच्या माणसाने दोन वर्षांहून अधिक काळ गोड बोलून, कामे करून त्यांचा विश्वास मिळविला आणि शेवटी त्या साधनात चोरदरवाजा ठेवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आपल्या यंत्रात शिरताना अर्ध्या सेकंदाचा उशीर होतो असे जाणवले. वही खुली असल्याने त्याने शोध घेतला, आणि २९ मार्च २०२४ रोजी बोभाटा केला. चोरदरवाजा सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच चोरी पकडली गेली. विशेष म्हणजे फ्रॉइंड नोकरीस मायक्रोसॉफ्टमध्येच! या प्रसंगातून दोन्ही गोष्टी दिसतात. खुल्या घराला पहारा लागतो. आणि घर खुले असल्यामुळेच पहारा करता येतो.

तेव्हा ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी आधी आपल्या साऱ्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. मग मिंट किंवा उबुंटू पेन ड्राइव्हवर उतरवून, संगणकात काहीही न बसविता, त्या पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहावे. आवाज येतो का, इंटरनेट लागते का, प्रिंटर बोलतो का, हे दोन दिवस तपासावे. जमले तर ठेवावे. न जमले तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा, यंत्र पूर्वीसारखेच असेल. ठेवलेत, तर सोसायटीची वर्गणी विसरू नये. वर्गणी पैशांचीच असते असे नाही. चुकलेले मराठी भाषांतर कळवावे, शेजारच्या काकांना कळफलक लावून द्यावा, जमेल तेव्हा चार पैसे पाठवावेत.

आणि यातले काहीच करायचे नसेल, तरी या सुटीत एक काम अवश्य करा. घरातली सर्वांत जुनी मराठी फाइल शोधा: वडिलांचे पत्र, आजीच्या पाककृती, कोणाची कविता. ती उघडून पाहा. उघडली, तर आजच तिची प्रत खुल्या रचनेत ठेवा. न उघडली, तर किल्ली कोणाजवळ राहिली आहे, हे तुम्हांला कळेल.